लाउटरब्रुनेन: मुक्काम दरीतच करा

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक सहली इंटरलाकेनला थांबतात, युंगफ्राउयोख या उंच खिंडीतला बर्फ पाहतात आणि पुढच्या शहराकडे निघतात. सवड असेल तर मुक्काम जवळच्या दरीतल्या लाउटरब्रुनेन या गावात करा. इंटरलाकेन ओस्टहून गाडीने वीसेक मिनिटं लागतात. ही गाडी वाटेत त्स्वाइल्युचिनेनला दोन भागांत सुटते आणि एक भाग ग्रिंडेलवाल्डला जातो, म्हणून डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

हिमनदीने कोरलेल्या या दरीचा तळ सपाट आणि दोन्ही बाजूंचे कडे ताशीव. गावाच्या डोक्यावरच 297 मीटर उंचीचा स्टाउबाख धबधबा कोसळतो. वारा सुटला की धार कड्यापासून बाजूला हेलकावते आणि खाली पोचेपर्यंत तिचे नुसते तुषार उरतात.

सगळ्यात जीव रमला तो पश्चिमेकडच्या कड्यावर. केबलकारने ग्रुचआल्पला जायचं आणि तिथून छोटी रेल्वे सोडून म्युरेनपर्यंत चालायचं. दीडेक तासाची, फारशी चढ नसलेली वाट; समोर पूर्ण वेळ आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं. 1,638 मीटरवरच्या म्युरेनला खालून मोटाररस्ता येतच नाही, त्यामुळे शांतता खरी. पुढे उतरून गिमेलवाल्ड गाठा. तिथे घरांच्या भिंतींना लागून सरपणाच्या इतक्या नेटक्या चळती रचलेल्या असतात की पाहत राहावं! उतार गुडघ्यांना जाणवतो, काठी घ्या. गिमेलवाल्डहून केबलकारने दरीत उतरलात की परतीला बस मिळते.

त्याच रस्त्यावर ट्र्युमेलबाख हा धबधबा आहे. आयगर, म्योंख, युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून, सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत, घुसळत खाली येतं. आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, कठडा ओला, पायऱ्या निसरड्या. रेनकोट आणि पकड असलेले बूट हवेतच. हिवाळ्यात हे बंद असतं.

युंगफ्राउयोखची (3,454 मीटर) रेल्वे 1912 पासून चालते आणि तिकीट चांगलंच महाग आहे. सकाळी वेबकॅमवर शिखर मोकळं दिसलं तरच काढा. स्विस ट्रॅव्हल पासवर (पर्यटकांसाठीचा प्रवास-पास) वरच्या टप्प्याला फक्त सवलत मिळते. वर पोचल्यावर घाई करू नका, ज्येष्ठांना दम लागतो.

एप्रिल आणि नोव्हेंबरच्या सुमारास काही केबलकार देखभालीसाठी बंद ठेवतात, तेव्हा तारखा आधी तपासा. हॉटेलात जेवण महाग पडतं. गावातल्या सुपरमार्केटातून ब्रेड, चीज, फळं घ्या आणि सोबत थेपले, चटणी असू द्या.