नथ लख्ख, डोळे धूसर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर मी गेली 22 वर्षे कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करतो. मागच्या वैशाखात लग्नाचे फोटो काढणारी एक तरुण मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा ती रडवेली झालेली होती. "काका, सेवा केंद्राने दोनदा तपासून 'दोष नाही' असे लिहून दिले. आता सगळे म्हणतात, माझाच हात हलतो," असे सांगत तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. नवरीचा चेहरा मोठा करून पाहिला, तर नथीतला एकेक मोती आणि त्यांना गुंफणारी बारीक तारसुद्धा लख्ख दिसत होती. पापण्यांचे केस मात्र एकमेकांत मिसळून गेले होते. कॅमेऱ्याने नोंदवलेला फोकसबिंदू तर नेमका डोळ्यावरच होता. हात हलला असता, तर नथही पुसट झाली असती.

लेन्स 85 मिलिमीटरची, एफ 1.4 ची होती; एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. पूर्ण उघड्या छिद्राने 2 मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटीमीटरचा असतो, म्हणजे डोळ्याच्या पुढे सव्वादोन आणि मागे सव्वादोन. फोकस एवढासा चुकला, तर व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्याला कळत नाही, कारण त्यात चित्र दाखवणारा नेहमीचा फोकसिंग स्क्रीन साधारण एफ 2.8 च्या लेन्सइतका, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा रुंद पट्टा स्पष्ट दाखवतो.

तिचा कॅमेरा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा होता. त्यात आरशामागचा दुसरा छोटा आरसा थोडा प्रकाश खाली बसवलेल्या, फोकस मोजणाऱ्या भागाकडे (फोकस-मॉड्यूलकडे) पाठवतो, आणि फोटो मात्र वेगळ्या जागी, सेन्सरवर उमटतो. दोन वाटांत केसाइतका फरक पडला, तरी फोकस पुढे किंवा मागे सरकतो. तोच फरक गृहीत धरून मी सूरसागर तलावाकडे उघडणाऱ्या खिडकीच्या उजेडात तिरकी मोजपट्टी लावली, कॅमेरा तिपाईवर बसवला आणि दर वेळी लेन्स अनंतावर नेऊन पुन्हा फोकस करत दहा फोटो काढले. दहाही अचूक आले. खरे सांगायचे, तर मीही "दोष नाही" असेच म्हणणार होतो.

पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी सगळे फोटो वेळेनुसार लावायला सांगितले. सकाळी अंगणात झालेल्या हळदीचे फोटो चोख होते. बिघडले होते ते संध्याकाळचे, पिवळ्या हॅलोजन दिव्यांखालचे. मी खिडकी बंद केली, ट्यूबलाइट मालवली, 100 वॉटचा जुना बल्ब लावला आणि पुन्हा दहा फोटो घेतले. या वेळी सर्वच फोटोंत फोकस दोन सेंटीमीटरहून अधिक पुढे आला होता. मुलगी उठून उभी राहिली आणि तिने स्वतःच्या हाताने तीच चाचणी आणखी एकदा करून पाहिली.

कारण साधे आहे, पण ते तपासणाऱ्याच्या लक्षात येत नाही. लेन्स सगळे रंग एकाच जागी एकवटत नाही. तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बहुधा किंचित मागे, लेन्सपासून लांब जुळतो. पिवळ्या दिव्यात हाच प्रकाश जास्त असतो आणि फोकस-मॉड्यूलला तो दिसतो. मॉड्यूल त्याच्या हिशेबाने लेन्स जुळवते, तेव्हा आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांचा फोकस माणसाच्या पुढे पडतो. काही कॅमेऱ्यांत यासाठी दिव्याचा रंग ओळखणारी वेगळी सोय असते. तिच्या कॅमेऱ्यात ती नव्हती.

2007 पासून काही डीएसएलआरमध्ये मेनूतून फोकस पुढेमागे करण्याची सोय आली. तिच्या कॅमेऱ्यात ती उणे 20 ते अधिक 20 पर्यंत होती. पिवळ्या उजेडात आकडा अधिक 8 वर नेल्यावर पट्टीवरची शून्याची रेघ स्पष्ट झाली, पण त्याच आकड्यावर खिडकीतले फोटो मागे गेले. एका लेन्सला एकच आकडा ठेवता येतो, म्हणून मी तिला संध्याकाळी 8 आणि दिवसा शून्य ठेवायला सांगितले. अंतरपाटासारख्या क्षणाआधी, हाताशी वेळ असेल, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहत, थेट सेन्सरवरून एक फोटो घेऊन पडताळायलाही सांगितले. तिने दोन्ही आकडे लेन्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवले.

बिघडलेले फोटो सुधारणे माझ्या हातात नव्हते. तरी आम्ही उरलेले फोटो एकेक करून पाहिले, आणि संध्याकाळच्याच फोटोंत एक नीट सापडला: दोन्ही चेहरे यावेत म्हणून तिने छिद्र एफ 4 वर नेले होते, पट्टा रुंदावल्याने पुढे सरकलेला फोकसही त्यात सामावला होता, आणि नवरीच्या पापण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या. अल्बमच्या पहिल्या पानासाठी तिने तो बाजूला काढला.