अर्धा लिटर जास्तीचे दूध

आणीबाणीचा विषय निघाला आणि आमच्या ठाण्याच्या घरी साध्या वेशातले पोलीस येऊन गेले होते हे कळले, की हमखास विचारले जाते, ‘तुम्हाला भीती नाही वाटली?’ तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो: नाही वाटली, आणि तीच माझी अडचण आहे.

डिसेंबर १९७५. नौपाड्यातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि मी सहावीत होतो. १४ नोव्हेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला होता. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असल्याने बातम्या सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांतून हातोहात फिरत. ती पत्रके वाटणारा माझा मामा भूमिगत होता आणि आदल्याच आठवड्यात दोन रात्री आमच्याकडे राहून गेला होता. ‘मिसा’ ह्या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगण्याचेही बंधन सरकारवर उरलेले नव्हते, हे वडिलांना ठाऊक होते, मला मामाने आणलेली चिक्की तेवढी ठाऊक होती.

दिवेलागणीला दोघे आले. बुशशर्ट, चपला, हातात काही नाही. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, हे मला अजून आठवते. आईने चहा ठेवला. थोरल्याने ट्रंका उघडायला लावल्या नाहीत की गाद्या उलथल्या नाहीत. खिळ्याला अडकवलेली दुधाच्या हिशेबाची वही काढली आणि चहा पीत पीत पाने उलटली. आमचे रोजचे दूध एक लिटर. सोमवारी आणि मंगळवारी आईच्या अक्षरात दीड.

“पाहुणे होते का, वहिनी?”

“नाही हो. ह्याला ताप होता, म्हणून जास्तीचे घेतले.”

त्याने माझ्याकडे वळून अगदी मायेने विचारले, “काय रे, ताप आला होता का?” खोटे बोलू नये हे मला ह्याच घरात शिकवलेले होते, शिवाय त्या वर्षी माझा एकही खाडा झालेला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. मी म्हणालो, “नाही, मी रोज शाळेत गेलो.”

तो हसला. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्याने वही खिशात घातली. पावती वगैरे काही दिली नाही. वडिलांना पुढे दोनदा बोलावून दिवसदिवस बसवून ठेवले, पण मामा सापडला नाही. देशभरात मिसाखाली सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली, त्या मानाने आमचे काहीच झाले नाही असे वडील म्हणत, आणि हिशेबाने ते खरेच होते.

आई मला एका शब्दानेही बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते, असे पुढे कळत्या वयात पुष्कळदा वाटले. दुसऱ्या दिवसापासून तिने दुधाची वही बंद केली. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची आणि महिनाअखेरीस दूधवाल्याचे पैसे चुकते केले, की ओल्या फडक्याने पुसून टाकायची. २१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली. मामा उघडपणे जेवायला येऊ लागला. त्या दिवशीचे जास्तीचे दूधही ती भिंतीवरच मांडत असे.