ती उंदीर धरते का, हे मी विचारलंच नव्हतं

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे, मोर्शी तालुक्यात. संत्र्याचा पट्टा. आमचं रोजचं काम म्हणजे सकाळी कृत्रिम रेतन, मग पोट फुगलेल्या शेळ्या, दुपारी गावोगाव लसीकरण आणि रात्री नेटवर्क आलं की त्याची ऑनलाईन नोंद, यात नोंदीला लसीपेक्षा जास्त वेळ जातो हे बाहेर कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मांजर दवाखान्यात आणायची पद्धत इकडे नाहीच. आजारी पडलं की कोपऱ्यात जाऊन बसतं, दोन दिवसांनी दिसेनासं होतं, विषय संपला.

म्हणून जानेवारीत एक आजी कापडी पिशवीत मांजर घेऊन आल्या तेव्हा मलाच नवल वाटलं. सोबत आठवीतला नातू. आजी महानुभाव पंथाच्या, आल्या आल्या "दंडवत प्रणाम मॅडम" म्हणाल्या आणि पिशवी टेबलावर ठेवली. आत भुरी, नऊ वर्षांची. "दीड महिना झाला बाई, पातळच करून राह्यली. खाते पण अंगाले काही लागतच नाही."

आता लिहिते ती माझी चूक आहे आणि ती लिहायचीच म्हणून हे सगळं लिहितेय. आम्ही शेण तपासतो त्याच मायक्रोस्कोपखाली मी भुरीची विष्ठा पाहिली, जंताचं एकही अंडं नाही. तरी जंताचं औषध दिलं, तेही गायीच्या बोलसचा, म्हणजे मोठ्या गोळीचा, चुरा करून वजनाच्या हिशेबाने वाटून, कारण पुरवठ्यात जे येतं ते चारशे किलोच्या जनावरासाठी येतं, दोन किलोच्या जिवासाठी आमच्या कपाटात काही नसतं. जुलाबावरचं मेट्रोनिडॅझोल दिलं, ते इतकं कडू की मांजर तोंडातून फेस काढत बसतं. काय खाते विचारलं, आजी म्हणाल्या दूध-भाकर, तूप-भात. मी म्हटलं दूध बंद, दही-भात द्या. आजींना बरं वाटलं, दही घरचंच. बाहेर बांधलेली म्हैस हंबरत होती, मी पुढे गेले.

दही-भात! मांजराला! साडेपाच वर्षं शिकले त्यात मांजराचा आहार किती तासांत उरकला ते मला आठवतं, पण एवढं तर तेव्हाही शिकवलं होतं की मांजर हे पक्कं मांसाहारी जनावर आहे. कुत्रा भाकरीवर निभावतो. मांजराच्या यकृतात प्रथिनं जाळायची भट्टी कायम मोठ्या आचेवर असते, खाण्यात प्रथिन कमी पडलं तरी ती आच कमी होत नाही, मग ते स्वतःच्या अंगाचं मांस जाळायला लागतं. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला अंगात पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं, नाही मिळालं तर हळूहळू डोळा जातो, हृदय फुगतं. गाजरातून अ जीवनसत्त्व आपण बनवतो, मांजर नाही बनवू शकत. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी तोंडातून दही-भात निघाला, कारण जुलाब म्हटलं की आपल्या घरात दही-भातच निघतो.

सतरा दिवसांनी आजी परत आल्या. मधे जावयाने भुरीला शहरातल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये नेलं होतं. तिथे सलाईन, अँटिबायोटिक आणि लांब टिकणारं स्टेरॉईड, कागदावर निदानाच्या जागी 'गॅस्ट्रो' एवढाच शब्द. खाण्याबद्दल एक ओळ नाही. मला राग आला, मग लक्षात आलं की माझ्या कागदावर खाण्याबद्दल ओळ होती आणि ती चुकीची होती.

चार दिवसांपासून तोंडात काही नव्हतं. शेळ्या तोलायच्या हुकाच्या काट्याला पिशवी लावली, 2.1 किलो. कणा हाताला टोचत होता. कान उलटा करून उजेडात धरला तर आतून पिवळसर, म्हणजे कावीळ. मांजराच्या बाबतीत हे फार वाईट. गाय चार दिवस उपाशी राहिली तर अशक्त होते. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी सगळी यकृताकडे धावते, यकृताला ती उचलत नाही, ते चरबीनेच भरतं, मळमळ वाढते, मळमळीने ते आणखी खात नाही. हे चक्र औषधाने तुटत नाही, अन्नानेच तुटतं.

तेव्हा मी खाली बसून आजींना पहिल्यापासून विचारलं. नऊ वर्षं ही दूध-भाकरीवर कशी काय जगली? आजी म्हणाल्या, "घरात दूध-भाकर, बाकी थे तिचं तिचं पाहे. रोज रात्री एक-दोन उंदीर, कवा चिमणी. माह्या देखत नाही खाये." मग आता? "दिवाळीपासून कोंडूनच ठेवली न बाई. शेजाऱ्यानं हरभऱ्यात उंदराचं औषध टाकलं, दोन मांजरी मेल्या तिकडच्या."

झिंक फॉस्फाईडच्या, त्या उंदराच्या औषधाच्या, भीतीने आजींनी तिला घरात ठेवलं, आणि तिचं खरं जेवण त्या दिवसापासून बंद झालं. नऊ वर्षं या शाकाहारी घरातलं मांजर उंदरांवर जगत होतं, दूध नुसतं वरचं होतं. मोठ्या मांजराला दुधातली साखर नीट पचत नाही, ते आता तिचं मुख्य अन्न झालं. जुलाब डिसेंबरात लागले. सगळी केस त्या एका प्रश्नात होती आणि तो मी सतरा दिवस उशिरा विचारला.

नागपूरच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला फोन करून आजारी मांजराला नळीतून द्यायची पावडर एसटीच्या पार्सलने मागवली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टँडवरून घेतली. गावातल्या मेडिकलमधून नवजात बाळांना लावतात ती पाच नंबरची फीडिंग ट्यूब. नाकात बधिर करायला लिग्नोकेनचे थेंब, नळी नाकाच्या टोकापासून सातव्या-आठव्या बरगडीपर्यंत मोजून खूण केली, मान खाली दाबून ती गिळेल त्या क्षणाला आत सरकवली. आधी थोडं सलाईन सोडून खोकला येतो का पाहिला, कारण नळी फुफ्फुसात गेली असेल तर पहिल्याच घोटाला मांजर संपतं. कपाळावर टाका घेऊन पक्की केली, आणि पंजाने ओढू नये म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मची कॉलर कापून गळ्यात बसवली. हे काम मी आयुष्यात दुसऱ्यांदा करत होते आणि ते नीट झालं, याचं समाधान मला आजही आहे.

मग हिशेब. वजनाच्या पाऊण घाताला 70 ने गुणायचं, 2.1 किलोला दिवसाला 122 कॅलरी येतात. पण उपाशी जिवाला पहिल्या दिवशी पूर्ण दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम खाली जातं, पोट भरल्यावर जीव जातो. म्हणून पहिल्या दिवशी 40, दुसऱ्या दिवशी 80, तिसऱ्या दिवशी पूर्ण. सुरुवातीला एका वेळी सात मिली, दर चार तासांनी, कोमट करून, सावकाश, नंतर साधं पाणी. नातवाने शाळेच्या वहीत रकाने पाडले: वेळ, किती दिलं, उलटी, शी कशी. रात्री दोनची नोंद एकदाही चुकली नाही. मी इतकी वर्षं शिकलेल्या माणसांच्या नोंदी पाहते, अशी वही पाहिली नाही. सोबत बी-12, आठवड्याला एक, 250 मायक्रोग्रॅम कातडीखाली, सहा आठवडे, कारण आतडं बिघडलं की ते शोषलं जात नाही आणि त्याच्याशिवाय भूक येत नाही.

नवव्या दिवशी नळी काढली. कान पांढरा. आणि तिथे खरा प्रश्न सुरू झाला.

पावडरमध्ये कोंबडी आणि अंडं आहे हे मी पाकीट वाचून सांगितलं होतं, आजी गप्प राहिल्या होत्या, औषध म्हणून. आता मात्र रोज उकडलेलं चिकन द्यायचं होतं, 75-80 ग्रॅम, मीठ-हळद-कांदा-लसूण काही नाही, थोड्याच पाण्यात शिजवून तेच पाणी वर ओतायचं कारण टॉरिन पाण्यात उतरतं. आजींनी पनीर चालेल का विचारलं, सोयाबीन विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "आमच्या चक्रधर स्वामींनी सशाले मांडीखाली राखलं. आन मी रोज एक जीव मारून दुसरा जगवू काय? सांगा मॅडम."

मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही. मी एवढंच म्हटलं की भुरीला दुसरं काही पचत नाही, ठरवा तुम्ही.

शेजारच्या काकूंनी मार्ग काढला. चिकन त्यांच्याकडे शिजणार, आजी भुरीला दिवसातून चारदा त्यांच्या ओसरीवर नेणार आणि पाठ करून बसणार. पहिल्या दिवशी काकूंनी चवीला कांदा टाकला होता, वास आल्यावर मी फेकायला लावलं, कांद्याने मांजराचं रक्त फुटतं. दहा दिवसांत शी बांधून आली. सहा आठवड्यांनी 2.6 किलो. नुसतं चिकन कायमचं चालत नाही, त्यात कॅल्शियम नाही, म्हणून आता हळूहळू तयार खाद्यावर आणतोय, तेही एसटीनेच येतं.

मार्चमध्ये काकूंकडचे सगळे लग्नाला गेले आणि शेवटची बस चुकली. रात्रीचं जेवण डब्यात ठेवलेलं होतं, नातू झोपलेला. आजींनी स्वतः डबा उघडला आणि हाताने भरवलं. मग रात्री अकराला विहिरीच्या पाण्याने आंघोळ केली. हे त्यांनी मला इंजेक्शनच्या वेळी सांगितलं, माझ्याकडे न पाहता, भुरीचे कान धरून. मी सुई टोचली, जागा चोळली, आणि वहीत तारीख लिहिली.

गेल्या आठवड्यात वजन 2.52 भरलं. ऐंशी ग्रॅम म्हणजे काही नाही, किंवा आतड्याचा गाठीचा आजार, म्हणजे कॅन्सर, जो सोनोग्राफीतही साध्या सुजेपासून वेगळा ओळखता येत नाही, तुकडा काढूनच पाहावा लागतो. त्यासाठी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या कॉलेजला न्यावं लागेल. आजींना मी अजून हे सांगितलेलं नाही. गुरुवारी लसीकरण त्याच गावात आहे, हुकाचा काटा गाडीत टाकून ठेवलाय.