तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा केसेसचं करायचं काय?

पीएचडी करणारी मुलं हमखास विचारतात, "मॅडम, माझ्याकडे अभ्यासाला अठराच केसेस, म्हणजे उदाहरणं, आहेत. रिग्रेशनला, म्हणजे एकेका घटकाचा परिणाम आकडेवारीने मोजायला, कमी पडतात, एकेकीवर खोलात लिहायचं तर जास्त होतात. काय करू?" मग स्वतःच सुचवतात: थोडा सर्व्हे, थोड्या मुलाखती, वर 'मिश्र पद्धती' असं शीर्षक. दोन प्रकरणं शेजारी शेजारी बांधली म्हणून पद्धती मिसळत नाहीत, पण ते असो.

अशा मधल्या संख्येसाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स रॅगिन यांनी १९८७ मध्ये गुणात्मक तुलनात्मक विश्लेषण, म्हणजे क्यूसीए, मांडलं. त्यात एकट्या घटकाचा परिणाम किती हे विचारायचं नसतं. कोणते घटक एकत्र आले की निष्पत्ती दिसते, ते बघायचं. वाटा एकाहून अधिक निघू शकतात. यशाची कारणं उलटी केली की अपयशाची मिळतात, असंही नाही.

समजा, सहकारी संस्था का टिकतात हा प्रश्न आहे. चार अटी (म्हणजे घटक) घेतल्या, प्रत्येकीला १ (आहे) किंवा ० (नाही), की सत्यसारणीच्या, म्हणजे अटींच्या सगळ्या शक्य जुळण्यांच्या तक्त्याच्या, १६ ओळी होतात. काही ओळींत गर्दी, काही ओस. आणि एका ओळीत तीन संस्था, चारही अटी तंतोतंत सारख्या, पण दोन टिकल्या आणि एक बुडाली. इथे विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो. मला मात्र खरं काम इथेच सुरू झालंसं वाटतं. मुलाखतींच्या वह्या पुन्हा काढायच्या. 'सभासद सक्रिय' या अटीला हजेरीपुस्तकावरून १ दिलेला असतो, आणि वहीत कुणीतरी सांगून गेलेलं असतं की सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या. मग निकष बदलायचा, पण अठराही संस्थांसाठी. अडलेल्या एकीपुरता बदलला तर ती लबाडी.

अट अंशतः लागू आहे हे दाखवायला ० आणि १ च्या मधले आकडे वापरायचे असतील तर ०.५ ची रेघ, म्हणजे 'आहे' आणि 'नाही' यांमधली सीमा, कुठे मारली, याचं कारण केसेसच्या माहितीतून आणि सिद्धान्तातून द्यावं लागतं. सरासरी काढून तिथे रेघ मारणं मला मुळीच पटत नाही.

"अजून चार अटी घालू का?" आठ अटींच्या २५६ ओळी होतात. केसेस अठरा. घालू नका.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये क्यूसीए नावाचंच पॅकेज आहे, फुकट.