काळजी देवावर सोपवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

‘देवावर सोड’ असं सगळेच म्हणतात. सोडायचं कसं, ते क्वचितच कुणी सांगतं. आधी काळजी एका वाक्यात कागदावर लिहा. त्यातलं उद्या करता येईल असं एक काम तुमचं. उरलेलं देवापुढे ठेवा.

बहुतेकांचं इथेच बिनसतं: प्रार्थनेत तीच भीती घोळवत राहतात आणि प्रार्थनेचीच चिंता होऊन बसते. म्हणून मागणं एकदाच बोला, मग १० मिनिटं फक्त नामस्मरण. श्वास सावकाश सोडताना नाम घ्या; लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड खरंच मंदावते. मन भरकटणारच, पुन्हा नामावर या. रात्री काळजी परतली तर नवं गाऱ्हाणं नको, ‘हे तुझ्याकडे दिलंय’ एवढंच म्हणा.

झोप-भूक २ आठवडे उडालेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा, प्रार्थना चालू ठेवूनच.