वाचायला सांगितले की पुसणारा ड्रायव्हर

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरात आमचे छोटे कार्यालय आहे आणि कमी मेमरीच्या वैयक्तिक संगणकांवर चालेल अशी ऑब्जेक्ट ओरिएंटेड (म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट’वर उभी) ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही तेथे घडवत आहोत. फाइल, खिडकी, प्रिंटर, डिस्क हे सारे या प्रणालीत ऑब्जेक्ट आहेत आणि प्रत्येक हार्डवेअरचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्राम, ‘उपकरण’ या एकाच मूळ क्लासपासून (साच्यापासून) निघतो. समोर कोणते यंत्र आहे हे कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, ठाऊक असण्याचे कारण नाही. तो फक्त ‘वाच’, ‘लिही’, ‘स्थिती सांग’ असे म्हणतो आणि पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. ही रचना कागदावर किती देखणी दिसते आणि प्रत्यक्षात कोठे दगा देते, हे गेल्या पावसाळ्यातील एका दिवसाने दाखवले.

चाचणीचे काम पाहणाऱ्या मुलाने सकाळीच तक्रार आणली की, दुसऱ्या संगणकावर व्यवस्थित दिसणारा पेन ड्राइव्ह आपल्या प्रणालीत लावला की कोरा दिसतो, आणि नंतर तो कोठेही लावला तरी कोराच राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात पहिला संशय दमट हवेवर जातो, दुसरा महावितरणच्या विजेवर. पण नवा कोरा करकरीत पेन ड्राइव्हही तसाच गेला, तेव्हा दोन्ही संशय सोडून द्यावे लागले. मी खऱ्या पेन ड्राइव्हऐवजी क्यूईएमयू या आभासी संगणकात डिस्कची प्रतिमा जोडली आणि लावण्यापूर्वीचे व नंतरचे बाइट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या सेक्टरच्या (डिस्कच्या पहिल्या तुकड्याच्या) ५१२ बाइटांच्या शेवटी जी ‘५५ एए’ ही खूण असते, तिच्यासकट सारा सेक्टर शून्यांनी भरलेला होता. म्हणजे कोणीतरी लिहीत होते. आमच्या कर्नलने तर तोवर लिहिण्याची एकही आज्ञा दिलेली नव्हती.

मग डीबगर (प्रोग्राम पायरीपायरीने तपासण्याचे साधन) लावून ‘वाच’ या हाकेचा एकेक टप्पा पाहत गेले. आमची प्रणाली सी++ या भाषेत आहे, आणि तिचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) व्हर्च्युअल फंक्शनचे, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या परीने पुरवतो त्या फंक्शनचे, नाव जपून ठेवत नाही. प्रत्येक क्लासच्या अशा फंक्शनांचे पत्ते एका तक्त्यात असतात; नावाच्या जागी तो त्या तक्त्यातील घराचा क्रमांक घालतो, आणि ६४ बिटांच्या संगणकावर प्रत्येक घर ८ बाइटांचे असते. आमच्या जुन्या तक्त्यात ‘उघड’, ‘बंद कर’, ‘वाच’, ‘लिही’ असा क्रम होता, त्यामुळे ‘वाच’ १६ बाइटांवर आणि ‘लिही’ २४ बाइटांवर. वीज गेल्यावर बॅटरी पुरावी म्हणून याच सुमारास मूळ क्लासमध्ये ‘झोप’ हे नवे फंक्शन आले होते, आणि अर्थाने जवळचे म्हणून सहकारी मुलीने ते ‘बंद कर’च्या लगेच खाली लिहिले होते. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने तिची पाठच थोपटली असती. नव्याने कंपाइल झालेल्या कर्नलच्या लेखी आता ‘वाच’ २४ बाइटांवर होते. पण यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर त्याआधीच कंपाइल झालेला होता आणि त्याच्या तक्त्यात त्या घरात ‘लिही’ बसलेले होते.

प्रणाली कोसळली असती तर तासाभरात कारण सापडले असते. परंतु ‘वाच’ आणि ‘लिही’ या दोघांनाही सेक्टरचा क्रमांक, सेक्टरांची संख्या आणि बफरचा (मेमरीतील तात्पुरत्या जागेचा) पत्ता हेच तीन घटक लागतात. कर्नलने वाचण्यासाठी शून्ये भरून तयार ठेवलेला बफर ड्रायव्हरने मुकाट्याने डिस्कवर उतरवला आणि ‘काम झाले’ असे उत्तर दिले. फाइल सिस्टिमला बफरमध्ये शून्ये दिसली आणि तिने प्रामाणिकपणे सांगितले की, डिस्क कोरी आहे.

ड्रायव्हर लिहिणारा सहकारी देवगडहून काम करतो. पावसात तुटत जाणाऱ्या फोनवर तो एवढेच म्हणाला, “ताई, मियां काय्येक बदलूक नाय.” ते अक्षरशः खरे होते, आणि अडचण नेमकी तीच होती.

दुपारची चर्चा लांबली. हा रोग जुना आहे आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रणाली करणाऱ्या प्रत्येकाने त्यावर आपापला उतारा काढला आहे. बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्या क्लासमध्ये पुढच्या गरजेसाठी रिकामी घरे राखून ठेवली. ॲपलच्या आयओकिट या ड्रायव्हर लिहिण्याच्या चौकटीनेही तोच मार्ग धरला. त्याआधीच्या नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ड्रायव्हर ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेत लिहीत आणि हाक घराच्या क्रमांकाने न जाता नावाने जात असे, त्यामुळे मध्ये काहीही घातले तरी बिघडत नसे. मात्र प्रत्येक हाकेला नाव शोधण्याचा खर्च पडे. मायक्रोसॉफ्टच्या कॉम (प्रोग्रामचे भाग एकमेकांना जोडण्याची पद्धत) हिने निराळाच नियम केला: एकदा जाहीर केलेला इंटरफेस, म्हणजे फंक्शनांची ठरलेली यादी, कधीही बदलायचा नाही, नवे काही हवे असेल तर नवा इंटरफेस काढायचा. राखीव घरांवर माझा विश्वास नाही, कारण ती किती ठेवावीत हे कोणालाच आधी सांगता येत नाही. आणि घरे जपली तरी कंपायलर बदलला की सारे पुन्हा हलते. बीओएसचे जुने प्रोग्राम चालावेत म्हणून तिचा वारसा चालवणाऱ्या हायकूच्या ३२ बिटांच्या आवृत्तीला आजही जीसीसी २.९५ हा जुना कंपायलर सांभाळावा लागतो.

अखेर आम्ही प्रणालीचे दोन भाग केले. खिडक्या आणि दस्तऐवज यांच्या थरात हाक नावानेच जाईल, कारण माणसाच्या बोटांच्या वेगापुढे तो खर्च नगण्य आहे. ड्रायव्हरांच्या थरात गोठवलेले इंटरफेस असतील, आणि प्रत्येक ड्रायव्हर त्याच्या इंटरफेसच्या व्याख्येवरून काढलेला एक आकडा सोबत बाळगेल; तो कर्नलच्या आकड्याशी जुळला तरच ड्रायव्हर आत येईल. लिनक्सचे कर्नल आपल्या मॉड्यूलांबाबत अशी पडताळणी कितीतरी वर्षांपासून करत आले आहे. संध्याकाळी ती आमच्याकडे कशीबशी उभी राहिली, तेव्हा देवगडचा जुना ड्रायव्हर मुद्दाम लावून पाहिला आणि कर्नलने तो दारातच नाकारला. फक्त ‘इंटरफेस जुळत नाही’ एवढ्या संदेशाने त्या सहकाऱ्याचे समाधान झाले नाही. कोणते फंक्शन जुळत नाही तेही छापा, अशी त्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे. त्यासाठी फंक्शनांची नावे कर्नलमध्ये ठेवावी लागतील, आणि तेवढी मेमरी खर्च करावी की नाही यावर आमचा अजून वाद चालू आहे.