विसारवाल्याची लिस पेंडन्स नोटीस आणि अडकलेलं खरेदीखत

यावल तालुक्यातल्या आमच्या गटाचा सर्च (जुन्या दस्तांचा शोध) काढला तर नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक 2 मध्ये 'नोटीस ऑफ लिस पेंडन्स', म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस, अशी नोंद निघाली. आधीच्या विसारवाल्याने, म्हणजे विसार (बयाणा) देऊन सौदा ठरवलेल्या माणसाने, खरेदीखत करून मिळण्याचा दावा लावून ती नोंदवली होती. नव्या गिऱ्हाइकाचा वकील तिथंच थांबला, बँकेचं तर नावच नको.

ही नोटीस म्हणजे मनाई हुकूम नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 नुसार दावा चालू असताना झालेलं खरेदीखत रद्द ठरत नाही, पण दाव्याचा निकाल घेणाऱ्याच्या मानेवर बसतो. आपल्याकडे 1939 च्या दुरुस्तीमुळे नोटीस नोंदवलेली असेल तरच, आणि नोंदवल्यानंतरच्या व्यवहारालाच हे लागू होतं. म्हणून आधी तारखा ताडून पाहा. पेपरातली जाहीर नोटीस यात मोजत नाहीत. अर्थात आधीचा सौदा माहीत असूनही घेणाऱ्याला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम 19 सोडत नाही, तो वेगळा फास.

मग नोटिशीची प्रमाणित नक्कल काढली. तिच्यात मालकाचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, कोर्ट, दाव्याचं स्वरूप व शीर्षक आणि दाखल तारीख हवी. गोम वर्णनात सापडली. विसार पावती गटाच्या पूर्वेकडच्या 40 आरची, दाव्यातही तेवढंच, नोटिशीत मात्र अख्खा 1 हेक्टर 20 आर, चतुःसीमाही पूर्ण गटाच्या. पावती, दावा आणि नोटीस शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. मोजणीच्या नकाशावर ते 40 आर रंगवून दाखवले आणि उरलेले 80 आर दाव्याबाहेर असल्याचा अर्ज दिला.

40 आरसाठी कलम 52 मध्येच वाट आहे. कोर्टाच्या परवानगीने, कोर्ट घालेल त्या अटींवर विकता येतं. विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 3 लाखांच्या तारणावर मिळकत या कलमातून मोकळी केली होती. विसार व्याजासह कोर्टात भरायची तयारी अर्जातच लिहावी. नुसत्या 'आमचं नुकसान होतंय'ला वजन नसतं. विसारवाल्याने दावा मुदतीत लावलाय का, हेही तपासावं. पावतीत खरेदीची तारीख ठरलेली असेल तर तिथून 3 वर्षं, नसेल तर नकार कळल्यापासून.

दावा निकाली निघाला तरी सूचीतली नोंद आपोआप पुसली जात नाही. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत नोंदवावी लागते, हुकूमनामा अंतिम झाल्यापासून 4 महिन्यांत. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवसांची, तेवढं थांबायचं. तडजोड असेल तर वादीने दुय्यम निबंधकाकडे येऊन नोटीस मागे घेतल्याचा दस्त नोंदवायचा, ही अट तडजोडपत्रातच घाला. आणि पैसे त्याच टेबलावर, फोटो-अंगठा झाल्यावर. आधी दिले की माणूस फोन उचलत नाही.